पायाखालचा सूर

पियानोचा सूर प्रथम कानी पडला, तेव्हा रिकाम्या पितळी हंड्यात पाण्याचा थेंब पडल्यासारखे वाटले. टपकन एक नाद, आणि मग कितीतरी वेळ त्याची गोल, ओली थरथर! श्रीरामपूरला कॉलेजात येईपर्यंत हे वाद्य मी चित्रातच पाहिले होते. आमच्या तिसगावात वाजायचे ते संबळ, टाळ आणि भजनी मंडळाची पेटी.

मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या रूथबाईंकडे मी इंग्रजी सुधारायला जात असे. त्यांच्या बैठकीत एक जुना पियानो होता. त्या व्याकरण थोडे शिकवीत आणि पियानोच्या तबकड्या फार ऐकवीत. त्यांवरच्या थोर वादकांची नावे मला अजून धड उच्चारता येत नाहीत. माणसे मात्र ओळखीची झाली. युरोपातला एक वृद्ध, निजलेल्या मुलावर पांघरूण घालावे तसा सूर ठेवणारा. अमेरिकेतला एक कृष्णवर्णीय जॅझवादक, ताल चुकला असे वाटावे तोच हसत समेवर येणारा. आणि तिसरा आपल्या मुंबईचा, सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारा. वाद्यवृंदात त्याचा केवढा दबदबा म्हणे, पण तबकडीवर नाव गायिकेचे! किती निराळी ही माणसे! तरी तिघांचाही शेवटचा सूर तसाच रेंगाळे. तो रेंगाळता सूर एकदा तरी माझ्या बोटांतून निघावा, एवढीच आस होती. पण मागायला दोन वर्षे जीभ रेटली नाही.

मागच्या महिन्यात बाई कायमच्या मुलाकडे नागपूरला निघाल्या. त्यांचा पियानो दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एका चर्चला जायचा होता. बांधाबांध करू लागता लागता मी कसाबसा बोललो, "बाई, एकदा वाजवू?"

"दोन वर्षं मिठाची गुळणी धरली होतीस होय रे? बस!"

चपला काढून मी बसलो. पट्टी दाबली. सूर उमटला, आणि बोट उचलताच विझला.

"खालचं पेडल पायानं दाब. मग टिकेल."

पायाने? वाद्याला? माझ्या आईला अक्षरओळख नाही; पण माझ्या वहीला चुकून पाय लागला, तरी ती मला वहीच्या पाया पडायला लावी. "इद्येला पाय लावू न्हाई, बाळा." मी पाय उचलला, तो पुढे जाईना.

"अरे, पेडल आहे ते, पोथी नाही!"

"न्हाई जमत, बाई." घाबरलो की माझी गावची बोली बाहेर येते. "तुमी वाजवा."

आणि मी चक्क खाली बसून दोन्ही तळहातांनी पेडल दाबून धरले. म्हणजे पट्ट्यांवर बोटे ठेवण्याची ती एकमेव संधी मी आपल्याच हाताने सोडली. याचे दुःख झाले नाही, असे कसे म्हणू? पण बाई वाजवू लागल्या, आणि लाकडातून उतरलेला नाद माझ्या मनगटांत शिरला. सूर त्यांचा होता. त्याचे टिकणे माझ्या हातांत होते. शेवटचा सूर वाजला. बाईंनी बोटे उचलून मांडीवर ठेवली, तरी तो खोलीत तरंगतच राहिला.

"सोड आता," त्या हळूच म्हणाल्या.

मी आणखी थोडा वेळ धरून राहिलो.