पास्कीण मावशीच्या ठिपक्यांच्या कोंबड्या

पास्कीण मावशी कोंबडीच्या तोंडाकडे कधी पाहत नसे. कोणी कोंबडी दाखवायला आणली की ती आधी तिला उलटी धरी आणि पायांच्या खवल्यांवरून अंगठा फिरवी. खवले गुळगुळीत लागले तर कोंबडी खाली ठेवी. खरखरीत लागले तर आणणाऱ्याच्या हातात परत देई. "पिसं म्हणजे लग्नातली लुगडी," ती म्हणे. "पाय बघा." मी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तेव्हा तिने माझ्याही पायांकडे पाहिले. मी नवे जोडे घातले होते. "चावतात ना, भाऊ?" तिने विचारले. चावत होते. मी नाही म्हणालो.

मला ठाण्यास कचेरीत कारकुनी मिळाली होती आणि आम्ही नवराबायको तिच्या परसाला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहू लागलो. मावशी किरिस्ताव, विधवा, एकटी. परसात वीसेक कोंबड्या, सगळ्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या. आईने लग्नात दिलेल्या दोन तलंगांपासून, म्हणजे कोवळ्या कोंबड्यांपासून, तिने तो वंश चालवला होता. बाहेरचा कोंबडा आणला तरी ज्या पिलाला ठिपके आले नाहीत ते ती ठेवत नसे. जवळच्या चेंदणीचे कोळी देवीला द्यायचा कोंबडा तिच्याकडूनच नेत, कारण देवीपुढे खोट असलेले पाखरू चालत नाही. "देवी तुमची, कोंबडा माझा," ती त्यांना म्हणे. "दोघांतही खोट काढून दाखवा."

तिला भीती एकाच गोष्टीची होती, पायांच्या खरजेची. या रोगात खवले उचलतात, खाली पांढरी भुकटी साचते, पाय चुन्यात बुडवल्यासारखे जाड होतात आणि शेवटी बोटे झडतात. "खवल्याखाली जीव राहतो, डोळ्याला दिसत नाय," ती सांगे. "रातीला एका दांडीवर बसल्या की एकीचा दुसरीला." म्हणून बसायच्या दांड्यांना ती करंजेल चोपडी, खुराड्याला चुना लावी आणि नवे पाखरू आले की पंधरा दिवस परसाच्या दुसऱ्या टोकाला बांबूच्या डालग्याखाली ठेवी.

माझी बायको पहिलटकरीण, अशक्त. तिला अंडी मिळावीत म्हणून सासऱ्यांनी कल्याणहून एक तांबडी कोंबडी पाठवली. मावशीने तिच्या पायांवर अंगठा फिरवला आणि तिला डालग्याखाली ठेवली. दुसऱ्याच दिवशी ती भाचीच्या लग्नाला वसईस गेली. जाताना म्हणाली, "चार दिवस माझी पोरं तुमच्या हवाली. त्या तांबडीला तेवढी बाहेर काढू नका, भाऊ. लाडात आली तरी."

ती गेल्यावर सासऱ्यांचा निरोप आला की ते कोर्टाच्या कामासाठी ठाण्यास येत आहेत, दोन दिवस राहतील. त्यांनी हौसेने पाठवलेली कोंबडी एका किरिस्ताव बाईने वाळीत टाकल्यासारखी कोपऱ्यात ठेवली आहे, हे त्यांना दिसावे असे मला वाटेना. मी डालगे उचलले. दोन दिवस तांबडी मावशीच्या कोंबड्यांत हिंडली, त्यांच्याच दांडीवर बसली. सासरे खूश होऊन गेले. मी तिला पुन्हा डालग्याखाली घातले आणि बायकोला म्हणालो, "बोलू नकोस." पंधरा दिवस भरल्यावर पाय नीट पाहून मावशीने तिला मोकळी केली, तरी रात्री ती आमच्याच दारात डालग्याखाली असे.

दीड-दोन महिन्यांनी चेंदणीची पोशी कोळीण एक कोंबडा परत घेऊन आली. बरोबर तिच्या दोन जावा होत्या. "मावशे, याचं पाय बघ गो. असला देवीम्होरं ठेवू? लोक काय म्हणतील, पोशीनं देवीला खरूज वाहिली?" जावा हसल्या. मावशीने अंगठा फिरवला. मग एकेक कोंबडी धरून पाहिली. सात-आठ खरजेच्या निघाल्या. ती माझ्याकडे वळली.

"भाऊ, मी वसईला होते तवा बाहेरचं पाखरू यांच्यात शिरलं व्हतं काय?"

"नाही," मी म्हणालो.

"बघ, कचेरीतला माणूस सांगतो," मावशी पोशीला म्हणाली. "म्हणजे खोट माझ्यातच हाय."

पुढचा महिनाभर मी कचेरीतून आलो की कोंबड्या धरायला बसे. मावशी त्यांचे पाय कोमट पाण्यात भिजवी, मऊ झालेली खपली काथ्याने हळू घाशी. उपटत नसे, रक्त येऊ देत नसे. मग करंजेल चोळी. दर तीन-चार दिवसांनी हेच. जुन्या दांड्या तिने जाळल्या, पेंढा जाळला. तांबडीचेही पाय बिघडलेले निघाले तेव्हा ती माझ्या बायकोजवळ येऊन म्हणाली, "माझ्या कोंबड्यांनी तुझ्या बापाची कोंबडी नासवली. माफ कर, बाय." बायकोने माझ्याकडे पाहिले. मी काथ्या धूत होतो. धूतच राहिलो.

कोंबड्या बऱ्या झाल्या. नवे खवले आले, पाय पुन्हा गुळगुळीत झाले. पण कोळी आले नाहीत, आणि मावशी स्वतःही त्यांच्याकडे पूर्वीसारखी बघेना. बाहेरून आलेला रोग बाहेर जातो, हा आतून आलेला, वंशातच आहे, असे तिने मनाशी ठरवले. नाताळाच्या आधी तिने एकेक करून सगळ्या कापल्या. एकही अंडे उबवायला ठेवले नाही. त्या दिवसांत आमच्याकडे वाडगा भरून रस्सा आला. मी तो खाल्ला.

पुढे माझी कल्याणास बदली झाली. सांगायचे मी दरवर्षी ठरवी. मावशीने अंथरूण धरल्याचे कळले तेव्हा मी ठाण्यास गेलो. केस पिकलेला, मुलीचे लग्न झालेला माणूस मी, तिच्या खाटेशी बसून सगळे सांगितले: डालगे, सासरे, ते दोन दिवस. तिने क्षमा करावी असे मला वाटत होते. खरे म्हणजे तेवढ्यासाठीच मी गेलो होतो.

तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "मंग त्यांच्यात काय खोट नव्हती?"

"नव्हती, मावशी."

"माझ्या आयच्या कोंबड्या व्हत्या त्या," ती म्हणाली. "चांगल्या व्हत्या, नि मी कापल्या."

तिने भिंतीकडे तोंड केले. मी संध्याकाळपर्यंत बसून होतो. तिने मला जा म्हटले नाही, बस म्हटले नाही. चौथ्या दिवशी ती गेली. तिला शांतपणे मरता आले असते. मी माझे ओझे तिच्या छातीवर ठेवून कल्याणास परतलो होतो.