मागची सीट

माझा मामा आयुष्यभर मोटारसायकल चालवत होता आणि कुठेही गेला नाही. हे मी थट्टेने म्हणत नाही. कारखान्याच्या मागे एक लंबगोल ट्रॅक होता. जुळणी होऊन बाहेर पडलेली प्रत्येक गाडी आधी त्या ट्रॅकवर यायची आणि मामा, किंवा त्याच्यासारखा दुसरा कोणी, तिच्यावर बसून एक फेरी मारायचा. फेरी झाली की गाडी परत द्यायची, दुसरी घ्यायची, आणि संध्याकाळी कंपनीच्या बसने घरी. त्या गाड्या पुढे बोटीत बसून कुठल्या कुठे गेल्या. मामा बसमध्ये खिडकीपाशी डुलक्या काढत रोज त्याच थांब्यावर उतरला.

फेरी ठरलेली असायची. इंजिन चालू करून थोडा वेळ जागेवरच ऐकायचं. मग निघायचं, एकेक गिअर टाकत वेग घ्यायचा. वळण संपून सरळ रस्ता लागला की हँडलवरचे दोन्ही हात क्षणभर उचलायचे, गाडी कुठल्या बाजूला ओढते का ते बघायला. पुढे रस्त्यावर आडवा पांढरा पट्टा होता. पुढचं चाक त्या पट्ट्यावर आलं की दोन्ही ब्रेक करकचून दाबायचे. गाडी जरासुद्धा वाकडी न होता थांबली, तर शेजारच्या तपासनिसाला ओरडून सांगायचं, ‘‘ब्रेक ओके!’’ मग तो टाकीवर हिरवा ठिपका चिकटवायचा.

कारखान्यात मामाला सगळे कानसेन म्हणत. बाकीचे शिट्टी वाजवत, गाणी म्हणत फेरी मारायचे. मामा तोंड मिटून, मान किंचित कलती करून इंजिन ऐकत जायचा. तेव्हा समोर हत्ती आला असता तरी त्याला दिसला नसता, असं त्याचे दोस्त म्हणायचे. ही खोड घरीही होती. जेवता जेवता घास हातात धरून म्हणायचा, ‘‘पंख्याचं बेअरिंग गेलंय.’’ मामी कपाळावर हात मारून घ्यायची.

‘‘मी मघापासून काय सांगतेय ते ऐकलंत का?’’

‘‘काय?’’

‘‘काही नाही. पुढच्या जन्मी पंखा होऊन येते, म्हणजे ऐकाल तरी.’’

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला गेले ती तिथेच राहिले, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामी दिवसभर शिलाई मशीनवर असायची. कपडे नाही, मोटारसायकलच्या सीटची कव्हरं शिवायची. कंपनीला सीट पुरवणारा एक छोटा कारखाना होता. तो घरोघरच्या बायकांना कापलेलं रेक्झिन देऊन जायचा आणि शिवलेली कव्हरं घेऊन जायचा. आमच्या बाहेरच्या खोलीत काळ्या रेक्झिनचा ढीग आणि त्याचा तो डोकं उठवणारा वास कायम असे. मामीच्या बोटांना सुईने घट्टे पडले होते.

मी शिकून त्याच कंपनीच्या विक्री विभागात लागले. त्यामुळे कंपनी कशी वाढली हे मला मामापेक्षा जास्त ठाऊक आहे, निदान कागदावर तरी. मोठ्या मालकांनी पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याच्या पंपांची इंजिनं बनवायला सुरुवात केली होती. मग हलकी मोपेड आली. मग एका परदेशी कंपनीशी हातमिळवणी झाली आणि मोटारसायकल आली. इंजिन त्यांचं, बाकी सगळं आमचं. वर्षानुवर्षं संसार नीट चालला, आणि एक दिवस त्या पाहुण्यांनी स्वतःचंच दुकान थाटायचं ठरवलं. करार मोडला. इंजिन गेलं तर उरतं काय, असं वर्तमानपत्रांनी छापलं. कारखान्यात माणसं एकमेकांची तोंडं बघत फिरत होती.

त्या वेळी धाकटे मालक पुढे आले. तोवर आम्ही त्यांना बापाच्या मागे फायली घेऊन चालणारा मुलगा समजत होतो. त्यांनी सभा बोलावली. मी टिपणं घ्यायला मागे बसले होते. ते म्हणाले, ‘‘मोठ्या, वेगवान गाड्यांच्या मागे आपण धावायचं नाही. ज्याच्या घरात एकच गाडी येणार आहे, त्याची गाडी आपण बनवायची. मॉडेलं कमी करा. सगळ्यांना एकच इंजिन ठेवा, ते आपलं स्वतःचं असू दे. आणि सीट वीतभर लांब करा.’’

सीट कशाला, असं कोणीतरी विचारलं.

‘‘कारण आपलं गिऱ्हाईक एकटं फिरत नाही.’’

माणूस हुशार होता, हे मी आज इतका राग मनात धरूनही कबूल करते. त्या वीतभर रेक्झिनने कंपनी तरली. संसारी माणसांनी गाडी उचलून धरली. ज्या दूरच्या मुलखांत मोटारसायकलवर मागे उतारू बसवून भाडं मारतात तिथे तर आमच्या गाड्या बोटी भरभरून गेल्या. नवा कारखाना उभा राहिला, मग आणखी एक. आमच्या विभागाने जाहिरात केली, ‘मागे आपलं माणूस’. चौकाचौकात तिचे फलक लागले. त्यावर एक बाई नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून, केस उडवत हसत होती.

मामीने तो फलक बाजारातून येताना पाहिला. घरी येऊन पिशवी खाली ठेवायच्या आत सुरू झाली.

‘‘सीट मी शिवते. गाडी हे चालवतात. जाहिरात ही आपली भाची करते. आणि बसतंय कोण? ती कुठली भवानी!’’

आम्ही पोट धरून हसलो. पण मग हात पुसता पुसता ती मामाला म्हणाली, ‘‘अहो, मला एकदा धरणापर्यंत नेऊन आणा ना. तुमच्या मागे बसून.’’

धरण गावाबाहेर होतं, फार लांब नव्हतं. मामीने ते पाहिलं नव्हतं असंही नाही. ती बसने जाऊन आली होती. तिला पाणी बघायचं नव्हतं, मागे बसायचं होतं. मामाला ते कळलं की नाही कोण जाणे. तो म्हणाला, ‘‘आठवडाभर बूड मोडतं गं माझं. सुट्टीच्या दिवशी तरी मला पायांवर चालू दे.’’ शेजाऱ्यांची गाडी मागून आणा म्हटलं, तर म्हणे, ‘‘त्या गाडीची चेन बघितलीस का? मी हात लावणार नाही.’’ मामीने पुष्कळ वर्षं हा हट्ट थट्टेत जिवंत ठेवला. मग हळूहळू तिने तो विषय काढणं सोडलं आणि आम्हाला ते जाणवलंही नाही.

लांब सीटच्या गाडीचीही मामाने फेरी मारली, त्याच ट्रॅकवर, नेहमीसारखी. एकट्यानेच. मागे माणूस बसल्यावर गाडी कशी वागते ते दुसऱ्या विभागाने वाळूची पोती बांधून केव्हाच तपासलं होतं. हजारो गाड्यांच्या पाठीवर बसलेल्या माझ्या मामाच्या मागे कधीच कोणी बसलं नव्हतं.

गाड्या वाढल्या तसा ट्रॅक अडचणीचा व्हायला लागला. जुळणी झटपट व्हायची आणि गाड्या ट्रॅकच्या दारात तुंबून राहायच्या. धाकट्या मालकांनी त्यावरही तोड काढली. गाडी रोलरवर उभी करायची. चाकं जागच्या जागी फिरतात, ब्रेक लागतो, यंत्रावर दिवा लागतो. फेरीची गरजच नाही. फेरी मारणाऱ्यांना सन्मानाने लवकर निवृत्ती देण्यात आली. निरोप समारंभात मामाला कंपनीची नवीकोरी गाडी भेट मिळाली. फोटोत मामा किल्ली हातात धरून असा उभा आहे, जणू ती कोणीतरी सांभाळायला दिली आहे.

गाडी घरी आली. मामा तिच्याभोवती फिरला, बसून इंजिन चालू केलं आणि मान कलती केली.

‘‘काय म्हणतेय?’’ मी विचारलं.

‘‘हिची फेरीच झालेली नाही,’’ तो म्हणाला. ‘‘नुसती रोलरवर तपासलीय.’’ त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं दुःख होतं. ट्रॅकवर आता विक्रीच्या गाड्या दाटीवाटीने उभ्या असत. तिथे फेरी मारायला जागाच उरली नव्हती.

मग त्याने आत बघून हाक मारली, ‘‘अगं, चल. धरणापर्यंत हिची फेरी मारून आणू.’’

मामी मशीनवरून उठली ती पायात अडकलेले दोरे घेऊनच आली. इतकी वर्षं गप्प राहिलेल्या बाईची धांदल बघण्यासारखी होती. केस विंचरले, पाण्याची बाटली घेतली, पिशवी घेतली, पुन्हा आत जाऊन चप्पल बदलली. मामाने तिच्या डोक्यावर हेल्मेट घातलं. ती म्हणाली, ‘‘अहो, यात तुमचं बोलणं ऐकू येणार नाही.’’ मी म्हटलं, ‘‘मामी, तो गाडीवर बोलतो कधी?’’ ती हसली आणि सीटवर एका बाजूला पाय सोडून बसली. बसण्याआधी शिवणीवरून बोट फिरवून म्हणाली, ‘‘ही माझ्या हातची नाही. टाका मोठा आहे.’’ मामीचं मी ऐकलेलं हे शेवटचं वाक्य.

पुढचं मला पंक्चरवाल्याने सांगितलं. धरणाच्या रस्त्यावर त्याची टपरी आहे, चहाही मिळतो. तिथे आधी हे दोघं चहाला थांबले होते. निघताना मामीने हेल्मेट डोक्यावर न घालता हातात अडकवलं. वारा लागू दे, म्हणाली. टपरीपासून पुढे रस्ता सरळ, मोकळा आहे. वर नुकतंच डांबर पडलेलं, आणि वळणाच्या आधी, गाड्या सावकाश जाव्यात म्हणून, आडवा पांढरा पट्टा मारलेला. पंक्चरवाला त्यांच्याकडे बघत उभा होता. इतक्या सुंदर तऱ्हेने गाडी चालवणारा माणूस मी पाहिला नव्हता, असं तो म्हणाला. मामाने गिअर टाकत वेग घेतला. मामीने त्याच्या खांद्यावरचा हात काढला आणि डावीकडे काहीतरी दाखवलं. ती बोलतही असावी. तेवढ्यात पुढचं चाक पट्ट्यावर आलं.

मामाने दोन्ही ब्रेक करकचून दाबले. गाडी जरासुद्धा वाकडी झाली नाही. आणि रिकाम्या रस्त्यावर मामा मोठ्याने ओरडला, ‘‘ब्रेक ओके!’’

ओरडल्यावर त्याने मागे पाहिलं. सीट रिकामी होती, मामी डांबरावर पडली होती.

मामी शुद्धीवर आलीच नाही. डॉक्टरांनी कसं झालं म्हणून विचारलं, तर मामा म्हणाला, ‘‘ब्रेक चांगला लागला, साहेब.’’ त्यांना वाटलं, धक्क्याने बरळतोय. मी शेजारीच होते. तो बरळत नव्हता. ज्या कामाची त्याने जन्मभर शाबासकी घेतली तेच त्याने केलं होतं. त्या दिवशी त्याच्या मागे माणूस होतं, एवढाच फरक. कंपनीचा इंजिनिअर येऊन गाडी तपासून गेला. गाडीत काहीही दोष नाही, असं म्हणाला तेव्हा त्याला हायसं वाटल्याचं मला दिसलं. मी त्याच्या अंगावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

मामाने गाडी अंगणात लावून ठेवली. विकत नव्हता, चालवत नव्हता. शिलाई मशीनवर अर्धं शिवलेलं कव्हर तसंच होतं, त्यालाही कोणाला हात लावू देत नव्हता. पंखा खडखडायला लागला तरी काही बोलायचा नाही. एक दिवस मला म्हणाला, ‘‘त्या पंक्चरवाल्याला विचारलंस का, ती काय म्हणाली ते?’’

‘‘तो लांब होता, मामा. त्याला ऐकू कसं येणार?’’

‘‘मी तर जवळ होतो,’’ तो म्हणाला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तो गाडी ढकलत फाटकाबाहेर निघाला. इंजिन बंद. मी धावत त्याच्या मागे गेले. मागच्या सीटला हात लावून ढकलायला लागले. गाव संपेपर्यंत दहा जणांनी विचारलं, ‘‘बंद पडली का?’’ मामा प्रत्येकाला तेच सांगत होता, ‘‘नाही, गाडी चांगली आहे.’’ चौकात आमचा फलक अजून होता. त्या बाईचा रंग उडाला होता आणि नवऱ्याचा चेहरा कोपऱ्यातून फाटला होता. आम्ही त्याच्या खालून गेलो. ऊन चढलं. पंक्चरवाल्याने आम्हाला पाहिलं, पाणी दिलं आणि तो मागे सरकून उभा राहिला.

पांढऱ्या पट्ट्याच्या थोडं अलीकडे मामाने गाडी थांबवली. त्याने मान वळवून मागच्या सीटकडे पाहिलं, बराच वेळ. मग डावीकडे पाहिलं. झाडांच्या मधून, खाली, धरणाचं पाणी चकाकत होतं. एवढाच तुकडा, पण स्वच्छ दिसत होता. वेगात असताना तो पापणी लवायच्या आत निघून जात असेल.

‘‘इथून पाणी दिसतं,’’ मामा म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘ती हेच सांगत असणार. ‘अहो, पाणी बघा,’ म्हणाली असेल.’’ त्याने हँडलवरचे हात काढले. ‘‘मी इंजिन ऐकत होतो गं.’’

तो खाली, त्या पट्ट्यावरच बसला आणि रडला. मी गाडी धरून उभी राहिले, कारण ती सोडली असती तर पडली असती.