टीव्हीवरच्या मुंग्या

माझी मुलगी रेवती लॅपटॉपवर तिची प्रायोगिक फिल्म जुळवत बसली होती. मध्येच तिनं विचारलं, "आई, मुंग्या जरा जास्त झाल्यात का गं?"

पडद्यावर काळे-पांढरे ठिपके वळवळत होते. अँटेना हलली की टीव्हीवर यायच्या, त्याच मुंग्या. तिच्या जन्माआधीच त्या घराघरांतून गेल्या. लॅपटॉपमध्ये त्यांचं नाव काहीतरी वेगळंच असणार, पण ती माझा शब्द वापरत होती.

कॉलेजात असताना मीही अशा फिल्म करायचे, पण आम्हाला मुंग्या अशा बटणावर मिळायच्या नाहीत. व्हिडिओ कॅसेटची फीत बोटानं चुरगळायची, मग नक्कल काढायची, नकलेचीही नक्कल काढायची, तेव्हा कुठे चित्र हवं तसं विरघळायचं. कॉलेजच्या हॉलमध्ये मी तशी फिल्म पहिल्यांदा दाखवली, तर पुढच्या रांगेतले एक काका उठले आणि त्यांनी टीव्हीच्या डोक्यावर सणसणीत चापट मारली. तेव्हा टीव्ही असाच दुरुस्त व्हायचा! सगळे हसले, मी मात्र रडवेली झाले.

तेव्हाचा तो बिघाड आता रेवतीच्या हातात दागिन्यासारखा झालाय. तिनं फिल्म लावली. मुंग्यांतून हळूहळू आमची गल्ली उमटली आणि पुन्हा मुंग्यांत विरून गेली.

मी लॅपटॉपच्या पाठीवर हलकेच थाप मारली.

"आई, बिघडलेलं नाहीये ते!"

"माहितीये," मी म्हटलं. "ही शाबासकी आहे."