गव्याचे कान आणि माझं नाक

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. शेवंतालासुद्धा नाही — आणि तिच्याशी संसार करता करता डोक्यावरचे केस पांढरे झाले. तुम्हाला सांगतो, कारण सांगताना तुमचं तोंड मला दिसत नाही.

तर ऐका. मला वास येत नाही.

हसा, हसा! मीही हसतोच. दहा वर्षांचा असताना आमच्या वलगावला चिंचेवरून डोक्यावर पडलो, तेव्हापासून गुलाब काय अन् गटार काय, मला सारखंच. तुम्ही म्हणाल, यात गुन्हा कोणता? अहो, मी पोट भरलं तेच मुळी नाकावर!

आम्ही बुद्ध धम्मात आलो, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. वस्तीतला मी पहिला मॅट्रिक. अकोल्याला एका माल पाठवणाऱ्या कंपनीत जागा निघाली. तेव्हा मेळघाटात परदेशी शिकारी यायचे — वाघ मारायचे, गवे मारायचे, आणि विमानानं घरी निघून जायचे. मागाहून त्यांची कातडी, शिंगं, भुसा भरलेली मुंडकी आमच्या गोदामातून रेल्वेनं मुंबईला आणि तिथून विमानानं सातासमुद्रापार. विमान कंपनीची अट एकच — पेटीला वास नको. म्हणून पेटी हुंगून सही करणारा माणूस हवा होता. मॅनेजरनं विचारलं, "नाक कसं आहे?" मी म्हणालो, "एकदम तिखट, साहेब!" काय करता? वस्तीत पेढे आधीच वाटून झाले होते.

मग नाकाशिवाय नाकाचं काम केलं कसं? सांगतो ना. शेवंतानं केलं — आणि तिलाच ते ठाऊक नाही! नोकरी आणि लग्न एकाच महिन्यात झालं; तेव्हाच मी तिला म्हटलं, डबा तूच आणायचा, गरम गरम, तुझ्या हातानं. बाई लाजून लाल! रोज एकच्या ठोक्याला गोदामाच्या दारात हजर. मी पेटी उघडूनच ठेवायचो. ती सरळ आत आली, की माल पास. तिचा पदर नाकावर गेला, की मी पेटीत डोकं घालून गरजायचो, "छे छे! कान कच्चे आहेत, परत न्या!" जनावराचे कान आणि ओठ आधी सडतात, एवढं मी शिकून घेतलं होतं. हमाल थक्क. मुंबईहून विमान कंपनीचा एक साहेब आला होता, तो माझ्या नाकाकडे कौतुकानं बघून गेला. "नाकवाले बाबू" म्हणायचे हो मला! काय ऐट होती, काय मजेचे दिवस होते! शेवंता अजूनही लेकीबाळींना सांगते, "यायले माह्या हाताशिवाय घास गोड लागे नाही."

कातडी कमावायचे गफूरचाचा. मीठ-तुरटी चोळून, भुसा भरून वाघाचं मुंडकं असं करायचे, की गोदामाचं कुत्रं शेपूट घालून पळायचं. पण उभा जन्म चामड्यात गेला, चाचांचं नाक पार मेलं होतं. ते हे चारचौघांत मोकळेपणानं सांगायचे. म्हणून रीत अशी — झाकणाचा शेवटचा खिळा धरून ते माझ्याकडे बघायचे. "बाबू, ठोकूं?" मी "ठोका" म्हटल्याशिवाय त्यांची हातोडी खाली येत नसे.

शेवंता पहिल्या बाळंतपणाला तेल्हाऱ्याला माहेरी गेली. अन् नेमकं तेव्हाच एका गोऱ्या साहेबाच्या गव्याचं मुंडकं आलं.

इथे — इथे मला थांबावंसं वाटतं. दुसरं काही सांगू का? नको. चाचा म्हणाले, कान नीट वाळले का नाही, शंका आहे, बाबू, जरा गौर से देखो. मी हमालांच्या तोंडाकडे पाहिलं. दोघांच्या गालात तंबाखू, मजेत उभे. "काहो, वास येऊन राहिला काय?" — एवढं विचारलं असतं तर? पण नाकवाले बाबूंनी हमालाला वास विचारायचा? सर्दी झाली म्हणायचं होतं, तेही सुचलं होतं. पण तसं म्हटलं नाही. मी मान पेटीत घातली, डोळे मिटले, मोठा श्वास घेतला, आणि म्हणालो, "ठोका."

त्या मुंडक्यानं विमान असं नासवलं म्हणे, की प्रवाशांनी नाकाला रुमाल लावले आणि वाटेतल्या पहिल्याच विमानतळावर पेटी खाली उतरवली. विमान कंपनीचं पत्र आलं. मॅनेजरनं मला आणि चाचांना समोर उभं केलं. मी म्हणालो, "मी हुंगली तेव्हा काही नव्हतं, साहेब." मग दोष कुणाचा? मी नाव घेतलं नाही, घ्यायची गरजच नव्हती. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते मॅनेजरला म्हणाले, "बाबू का नाक झूठ नहीं बोलता, साहब. मेराच नमक कम पड़ा होगा."

त्या दिवसापासून चाचांचं काम बंद. रस्त्याच्या कडेला बसून ते चपला शिवू लागले.

आणि मी? मला लेक झाली हो! आनंदानं नुसता नाचत होतो. तेल्हाऱ्याला बारसं, अख्खं वलगाव लोटलेलं. बुद्धवंदना झाली, पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या. आणि पाहतो तर दारात गफूरचाचा! अकोल्याहून बसनं आलेले, डोक्यावर नवी टोपी, हातात स्वतः शिवलेली इवलीशी लाल जोडी. आणि अत्तराची कुपी. त्यांनी माझ्या मनगटाला अत्तराचं बोट लावलं. "देखो बाबू, असली है."

मी मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले, मोठा श्वास घेतला. "वा चाचा! गुलाब!"

चाचा जरा वेळ माझ्याकडे बघतच राहिले. मग असे खो-खो हसले, की लेक दचकून रडायला लागली. "हाँ बाबू," ते म्हणाले, "गुलाबच." लेकीच्या झबल्याला अत्तर लावलं, तिला उचलून नाचवलं, दोन वाट्या घुगऱ्या खाल्ल्या आणि शेवटच्या बसनं परत गेले.

पाहुणे पांगल्यावर शेवंता लेकीचं झबलं हुंगत म्हणाली, "काहो, चाचानं मोगऱ्याचं अत्तर किती गोड आणलं!"

मोगरा. चाचांचं नाक मेलेलं होतं, पण आपण काय विकत आणलं, हे त्यांना ठाऊक होतं.

पुढे कितीतरी वर्षं ते अकोल्यात होते. दिसलो की हसून म्हणायचे, "सलाम, नाकवाले बाबू!" कुणाला एक अक्षर बोलले नाहीत. बारशानंतर सव्वा महिन्यानं शेवंता परत आली, लेकीला छातीशी धरून डबा आणू लागली, आणि मी पुन्हा सह्या करू लागलो. माझ्या टेबलापासून मॅनेजरची खोली अकरा पावलांवर होती. चाचा जिवंत होते तोवर, एकदाही, मी ती अकरा पावलं चाललो नाही.