हजेरीपटावरच्या पाच सह्या

नोकरीच्या काळात खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगडही खाल्ला. पण निवृत्तीनंतर कुणी म्हटलं, "साहेब, एखादी केस सांगा," की माझ्या डोळ्यांपुढे रक्त येत नाही, एका वर्गाचा हजेरीपट येतो. त्या घटनेने अजून माझी पाठ सोडलेली नाही. त्यातली माणसं हयात आहेत, पोटापाण्याला लागलेली आहेत, म्हणून इथे कुणाचं नाव घेणार नाही.

तेव्हा मी नागपूरच्या पश्चिम टोकाच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत ट्रान्सपोर्टची गोदामं, भाड्याच्या खोल्या आणि हिंगण्याच्या कारखान्यांत शिफ्टवर जाणारी माणसं. ठाण्यात येणारी प्रकरणं म्हणजे डिझेलचोरी, अपघात आणि दारूतली भांडणं. एका सकाळी हजेरी चालू असतानाच फोन आला, की एका खाजगी प्रसूतिगृहात जमाव शिरला आहे.

पोहोचलो तर काउंटरची काच फुटलेली, नातेवाईक ओरडत होते. जिन्याच्या पायरीवर कंपनीच्या खाकी गणवेशातला एक पंचविशीचा माणूस बसला होता. मांडीवर फडक्यात गुंडाळलेली मुलगी. पहिलीच. जन्मल्यावर ती रडलीच नव्हती. त्याला मी उठवलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "साहेब, ती नर्स बोगस आहे. लिहून घ्या तुमी."

आईचा जबाब आमच्या महिला हवालदारांनी खाटेजवळ बसून घेतला, मी दाराशी उभा होतो. ती बाई हळू पण स्पष्ट बोलत होती. "लेकरू रडलं नाही. सिस्टरनं पायाले धरून उलटी केली, पाठीवर थापट्या मारल्या. मंग पुन्हा उलटी केली. मी म्हणून राहिली होती, बाई, डॉक्टरले बोलवा. ते म्हणे येऊन राहिले." डॉक्टर आले तोवर वेळ निघून गेली होती.

डॉक्टर-नर्सवर थेट गुन्हा दाखल करता येत नाही, आधी तज्ज्ञ समितीचा अभिप्राय लागतो. त्यामुळे आम्ही आकस्मिक मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, मृतदेह शवविच्छेदनाला पाठवला. बोगसपणाचा मुद्दा मात्र लगेच तपासता येण्यासारखा होता.

नर्सचं शिक्षण संपलं की परिचर्या परिषदेकडे तिची नोंदणी होते आणि तिला क्रमांक मिळतो. हे मला माहीत होतं. पण ही नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी नर्सने मधल्या काळात ठरावीक तासांचे वर्ग केल्याची प्रमाणपत्रं जोडावी लागतात, हे मला त्या केसमध्ये कळलं. वैद्यकात रोज काहीतरी बदलतं, ते हातांना कळलं पाहिजे, म्हणून ही अट. परिषदेकडून उत्तर आलं, की क्रमांक तिचाच आहे, नूतनीकरण वर्षापूर्वीच झालं आहे आणि सगळी प्रमाणपत्रं जोडलेली आहेत.

मी मुलीच्या बापाला बोलावून सांगितलं, "बाबा, कागद पक्के आहेत. ती बोगस नाही." तो उठून गेला. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. आज त्या विचाराची लाज वाटते.

चौथ्या-पाचव्या दिवशी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नाव विचारलं की खबर देणारा माणूस फोन ठेवतो, हा अनुभव आहे.

"साहेब, कागद पक्केच राहतेत. पण लेकरू रडलं नाही तर काय करायचं, याचाच क्लास होता गेल्या वर्षी. दुसऱ्या दवाखान्यातल्या आमी सगळ्या होतो. ते नव्हती."

नूतनीकरणाला जोडलेल्या प्रमाणपत्रांत तो वर्ग होता. नवजात बाळाचा श्वास कसा सुरू करायचा, याचा एका दिवसाचा वर्ग. ज्या नर्सिंग स्कूलने तो घेतला, तिथून आम्ही मूळ हजेरीपट ताब्यात घेतला. त्यात तिचं नाव, नोंदणी क्रमांक आणि समोर सही होती.

स्त्री साक्षीदाराला ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जाऊन विचारायचं, असा कायदा आहे. आम्ही त्या नर्सच्या दोन खोल्यांच्या घरी गेलो. चाळिशी ओलांडलेली बाई, नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन मुली कॉलेजात. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं आणि तो पगार त्या नोंदणी क्रमांकावर. क्रमांक गेला की घर बसलं, हे तिला माझ्याआधी कळलेलं होतं.

"सिस्टर, त्या वर्गाला तुम्ही गेला होता?"

"हो साहेब, गेली होती."

"काय शिकवलं?"

तिने नवऱ्याचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "तेच, जे आमाले पयलेपासून येते. वीस वर्स झाले मले. उलटं धरून, थापट्या मारून किती लेकरं रडवले मी, विचारा कोणालेही." हे ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हातावर जन्मलेली मुलं त्या वस्तीत गल्लोगल्ली खेळत होती. पण वर्गाला गेल्याचं सांगताना मात्र तिची नजर नवऱ्याच्या खाटेकडे जात होती. खोटं बोलणारा माणूस बहुधा ज्याच्यासाठी बोलतो आहे त्याच्याकडे पाहतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

गुंता सोडवला तो आमच्या महिला हवालदारांनी. आजारी कैद्यांवर पहारा म्हणून त्यांनी सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डांत वर्षानुवर्षं काढली होती. माझ्या टेबलावरचा हजेरीपट त्यांनी उचलला, यादीवरून बोट फिरवत खाली आल्या आणि थांबल्या.

"साहेब, सिस्टर लोक वॉर्डात सही करते ना, तं बाजूले टाइम टाकतेच. सवय राहते त्याहीची. पण हे तं क्लास होय. इथं कोणं टाइम नाही टाकला. या पाचच सह्यांपाशी आहे पाहा."

खरंच होतं. बाकी सगळ्या नुसत्या सह्या. पाच सह्यांच्या बाजूला मात्र ९.१० अशी वेळ, पाचही ठिकाणी तोच लांब शेपटीचा नऊ. पाचही नावं त्याच प्रसूतिगृहातली, पहिलं तिथल्या इन्चार्ज सिस्टरचं. म्हणजे तिने स्वतःची सही केली, पंचवीस वर्षांच्या सवयीने वेळ टाकली, आणि त्याच ओघात आणखी चार सह्या केल्या. खोटी सही करतानाही तिचा हात नर्सचाच राहिला होता.

नुसत्या अक्षरावर केस उभी राहत नाही. आम्ही प्रसूतिकक्षाचं रजिस्टर जप्त केलं. वर्गाच्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक बाळंतपण झालेलं होतं, आणि खाली आमच्या सिस्टरची, म्हणजे जिच्यावर तक्रार होती त्या नर्सची, खरी सही होती, वेळेसकट. एकाच वेळी एक बाई दोन ठिकाणी असू शकत नाही.

इन्चार्ज सिस्टरने पाच मिनिटंही आढेवेढे घेतले नाहीत. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले, तिने चष्मा लावला, पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"मीच केल्या साहेब. चौघीहीचं रजिस्ट्रेशन संपून राहिलं होतं. सुट्टी मागाले गेलो तं डॉक्टर म्हणे, एकीलेच भेटन. मले पाठवलं. आता बाकीच्यायनं काय करावं? नोकरी गेली असती त्याहीची. मले वाटलं, मी शिकून येतो अन् मंग चौघीहीले शिकवतो."

"शिकवलं?"

ती रडायला लागली. "रोज उद्यावर गेलं, साहेब. रोज कोणाची ना कोणाची डिलिव्हरी राहे."

बाळाला हवा देण्याची रबरी पिशवी मास्कसकट तिने वर्गाहून आल्यावर डॉक्टरांकडे हट्ट करून मागवून घेतली होती. पंचनाम्यात ती आम्हाला कपाटात सापडली, खोक्यातच होती, वरचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. प्रसूतीच्या खाटेपासून ते कपाट सात पावलांवर होतं, मी स्वतः मोजलं.

डॉक्टर मालकांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "साहेब, पाचही जणींना एकदम सोडलं तर दवाखाना कोण चालवणार?" मला संताप आवरेना. म्हटलं, "दवाखाना चालला डॉक्टर, पोरगी गेली." त्यांच्यावर कलम लावता येईल का, हे मी सरकारी वकिलांना दोनदा विचारलं. सुट्टी न देणं हा गुन्हा नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

आमच्या सिस्टरकडे पुन्हा गेलो तेव्हा तिने दाराशीच हात जोडले. "गेली नव्हती साहेब मी. पण उलटं धरू नाही, हे मले कोणंच नाही सांगतलं." समितीचा अभिप्रायही काहीसा असाच आला. पहिली महत्त्वाची मिनिटं वाया गेली, जुनी पद्धत वापरली गेली, पण योग्य उपचाराने बाळ जगलंच असतं असं खात्रीने सांगता येत नाही. मृत्यूचा गुन्हा तिच्यावर उभा राहिला नाही. खोट्या सह्यांचं दोषारोपपत्र इन्चार्जवर गेलं, आणि परिषदेने आमच्या सिस्टरची नोंदणी चौकशी होईपर्यंत निलंबित केली.

हे सांगायला मी त्या कुटुंबाच्या खोलीवर गेलो. बाप कामावर होता. आई खाली बसून ऐकत होती, मी कलमं, समिती, न्यायालय असं सगळं नीट समजावून सांगितलं. माझं संपल्यावर तिने विचारलं, "साहेब, सह्या तं चौघीहीच्या खोट्या होत्या ना? मंग बाकीच्या तिघी शिकल्या का?"

तपास पूर्ण झाला होता, दोषारोपपत्र वेळेत गेलं होतं, वरिष्ठांनी शाबासकी दिली होती. आणि त्या तिघी त्याच आठवड्यात, त्याच खाटेपाशी बाळंतपणं करत होत्या. त्यांना आम्ही साक्षीदार केलं होतं, आणखी काही केलं नव्हतं. ज्या बाईची कूस रिकामी झाली तिला जे सुचलं, ते मला सुचलं नाही.

त्याच दुपारी मी आरोग्य अधिकाऱ्यांना आणि परिषदेला पत्र लिहिलं, आणि रोज फोन करून त्यांचं डोकं खाल्लं. आठवड्याच्या आत त्या प्रसूतिगृहातच वर्ग लागला. मी साध्या कपड्यांत मागे उभा राहिलो. तिघी आल्या. आणि आमची निलंबित सिस्टरही आली. तिचं नाव यादीत नव्हतं, तिला प्रमाणपत्र मिळणार नव्हतं. शिकवणाऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवून होकार दिला.

तिथे मागे उभा असताना माझ्या मनात आमचाच कारभार येत होता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यात आमचं खातं कुणाला हार जाणार नाही. दरवर्षी शिपायांचा गोळीबाराचा सराव व्हावा लागतो. बंदोबस्ताच्या धबडग्यात निम्मी पोरं मैदानावर जाऊच शकत नसत, तरी कागदावर सगळ्यांचा सराव झालेला असे. यादीखाली सही माझी असे. मीही ती दयेपोटीच करत होतो. त्या इन्चार्ज सिस्टरला समोर बसवून प्रश्न विचारताना मला हे एकदाही आठवलं नव्हतं.

शेवटी आमच्या सिस्टरची पाळी आली. रबरी बाहुली टेबलावर होती. तिने ती पुसली, मान सरळ केली, तोंडा-नाकावर मास्क बसवला आणि पिशवी दाबली. बाहुलीची छाती वर आली. तिने पुन्हा दाबली, पुन्हा छाती वर आली. हात थांबवून तिने शिकवणाऱ्या बाईंकडे पाहिलं.

"एवढंच होतं का वं बाई?"

ती पिशवी दाबत राहिली, बाई थांबा म्हणेपर्यंत.

दयेपोटी केलेली खोटी सही कुणाच्या तरी अंगावर जाऊन पडते, आणि ज्याच्या अंगावर पडते तो ती सही कधी पाहतही नाही. या केसने मला हे शिकवलं, आणि उशिरा शिकवलं. पुढच्या वर्षीच्या सरावाची यादी माझ्यासमोर आली तेव्हा तीत ठाण्यातल्या सगळ्यांची नावं होती. मी ती परत पाठवली आणि पोरांना दहा-दहाच्या तुकड्यांनी मैदानावर नेलं. बंदोबस्ताला माणसं कमी पडली म्हणून वरून बोलणी खाल्ली. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी खाल्ली.