रोज लिहायचं पेन आणायला उज्जैनला

मी होमिओपॅथीची डॉक्टर आहे आणि रुग्णांची हकिकत अजूनही हाताने लिहून घेते. बॉलपेन दाबून दाबून अंगठा इतका दुखायला लागला, की संध्याकाळी कपसुद्धा डाव्या हाताने उचलावा लागे. शाईचं पेन दाबावं लागत नाही हे खरं, पण दुकानातून आणलेली नवी पेनं जड निघाली. हाताने लिहिणं सुटणार, या विचाराने मी खरंच घाबरले होते. अशात उज्जैनहून मामींचा फोन आला. "मामांची जुनी पेनं पडलीयेत. रोज लिहिणार असशील तर येऊन घेऊन जा. शोकेससाठी नाही देणार." मामांना जाऊन वर्ष होत आलं होतं. मी तिकीट काढलं.

पुण्याहून इंदूरपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. या बसेस सारख्या सुटतात, त्यामुळे आरक्षणाच्या भानगडीत पडू नका. पुढच्या सीटवरची बाई नवऱ्याला बजावत होती, "पहले महाकाल, फिर घर. भाभी को बोल दो, खाने पे राह ना देखें." नवरा हो म्हणाला आणि झोपून गेला. उज्जैनच्या नानाखेडा बसस्टँडला उतरल्यावर ऑटोवाले न विचारताच देवळाचं भाडं सांगतात. कॉलनीत जायचं असेल तर आधी ठरवूनच बसा.

मामींनी शेव घातलेले पोहे आणि जलेबी पुढे केली आणि मी खाऊन संपवेपर्यंत पेनांचा विषय काढला नाही. मग टेबलावर जुनी चादर अंथरून सगळी पेनं मांडली. तुम्हीही असं पेन शोधत असाल तर थोडं ऐका. आधी टोपणाचा आटा फिरवून बघा. आत रबरी नळी असेल तर ती कडक झालेली असते, बदलावी लागते. ड्रॉपरने शाई भरायचं पेन असेल तर ही कटकट नाही. आणि नुसत्या रेघोट्या ओढू नका, पानभर लिहा, हात दुखतो का ते तेव्हाच कळतं. बहुतेक पेनांत शाई वाळून दगड झाली होती. एक चॉकलेटी पेन हलकं होतं, पण कागद खरवडत होतं.

मग मामांचं रोजचं काळं पेन उघडलं. निब मामांच्या हाताने एका बाजूला झिजलेली, पण "श्री" काढला आणि शाई लगेच उतरली. पानभर लिहिलं, अंगठा गप्प. इतका आनंद झाला की हे अजून ओलं कसं, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

"हेच घे, बेटा," मामी म्हणाल्या. "तुझ्या हाताला एकदम बसलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला उठले, तर मामी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या होत्या. दौत उघडलेली, हातात ड्रॉपर. पेन माझ्या पर्समध्ये होतं. मला बघून त्यांनी ड्रॉपर धुऊन ठेवून दिला.

"तुम्ही अजून भरता?"

"अगं, लग्न झालं तेव्हापासून मीच भरते. रोज सकाळी जरा धुवायचं, भरायचं, खिशाला लावून द्यायचं. अब काय, आदत झाली. सुकलं तर खराब होतं ना."

"आणि लिहिता कशाने?"

"बॉलपेननं. त्यांच्या पेनाला दुसऱ्याचा हात नाही लावायचा. निब बिघडते."

आमच्याकडेही हेच. शाईचं पेन कोणी मागितलं, की माणूस तोंड फिरवतो. पण ज्या बाईने आयुष्यभर ते भरलं, तिने त्यातून एक अक्षर लिहू नये, याचं मला फार वाईट वाटलं. मी पर्स उघडली आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

"मी नेणार नाही. तुम्ही लिहा."

"बिघडेल गं."

"बिघडू दे, मामी."

मामी हात पुसून बसल्या. श्री काढला, मग स्वतःचं नाव. मधलं मामांचं नाव लिहिताना हात थांबला. आडनाव त्या दिवशी लिहायचं राहिलंच.

दुपारी आम्ही गावाबाहेर, छपाईवाल्यांच्या भैरवगढला गेलो, ठशांनी छापलेली एक चादर घेतली. तिकडचे कारागीर जेवायला उठण्याआधी पोचलात तर छपाई बघायला मिळते. वाटभर मला वाटत राहिलं की नको ते मी केलं. तोवर चॉकलेटी पेन घरी पाण्यात भिजत पडलं होतं. निघताना तेच घेतलं.

पुण्यात निब घासून घेतली. अंगठा अजून अधूनमधून कुरकुरतो, पण काम चालतं, लिहिणं सुटलं नाही. काळं पेन याहून नक्कीच चांगलं होतं, हे लपवत नाही.

परवा मामींचा फोन आला. रोज सकाळी काळ्या पेनाने भजनं उतरवून काढतात म्हणे. मग आवाज उतरला. "निब झिजून बदलली गं. त्यांच्या वळणाची नाही राहिली. आता माझ्यासारखी चालते."

मी म्हटलं, "मामी, मग थांबायचं का?"

"थांबू कशाला? शाई संपलीये, तीच आणायला चालले मी."