मोटारी बंद ठेवा, सेव्ह चाललंय

कॉम्प्युटरचा शोध ज्या कुणी लावला त्याची आणि आमच्या मामांची गाठ कधी पडली नाही, हे त्या शोध लावणाऱ्याचं नशीब. पडली असती तर मामांनी त्याला विहिरीच्या कठड्यावर बसवलं असतं, हातात चहाची बशी दिली असती आणि असे प्रश्न विचारले असते की तो बिचारा 'चुकलं माझं' म्हणून सगळं सामान आवरून घरी गेला असता. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. राहणार निमगाव सावा, शिक्षण सातवी, धंदा शेतीचा आणि जोडीला जळालेल्या पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करून द्यायचा. मी नववीला गणितात गचकले, शाळेनं आणि मी एकमेकींना सोडलं, आणि टोमॅटो निवडायला मदत म्हणून आत्याकडे राहायला आले. दुसऱ्याच दिवशी मामांनी मला पहिला प्रश्न विचारला. "पोरी, कॅल्क्युलेटरला दोन आन् दोन चार हे आधीपास्नं ठावं असतं, का त्यो दर टायमाला नव्यानं मोजतो?" गणितात नापास झालेल्या मुलीला असला प्रश्न विचारू नये. मी दोन दिवस त्यांच्या समोर जायचंच टाळलं. तिसऱ्या दिवशी कळलं की उत्तराची त्यांना घाई नसतेच. प्रश्न सोबतीला असला की त्यांना करमतं.

प्रश्न विचारायला त्यांना जागेचं, वेळेचं, माणसाचं बंधन नव्हतं. बँकेत कॉम्प्युटर बसले तेव्हा मामा खिडकीतून अर्धे आत वाकून कारकुनाला विचारत होते, "साहेब, हे इचार करतंय तवर तुमी काय करता?" मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "झोपत्यात." एका लग्नात नवरदेव पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे असं कळल्यावर मामा अहेर द्यायला स्टेजवर चढले ते उतरेनात. नवरदेवाचा हात हातात धरून म्हणाले, "पावणं, फ्लॉपी भरली की तिचं वजन वाढतं का वं?" नवरदेव हसला, नवरी घाबरली, मागे अहेरवाल्यांची रांग तुंबली. उत्तर मिळालं नाही म्हणून मामांनी स्वतःच तड लावायचं ठरवलं. तेव्हा घरात अजून कॉम्प्युटर नव्हता, कुणाकडून तरी मागून आणलेल्या दोन फ्लॉप्या तेवढ्या होत्या. बैल घ्यायच्या आधी घुंगुरमाळ आणून ठेवावी तशा. एक कोरी, एक भरलेली. दोन्ही रुमालात बांधून ते आळेफाट्याला सोनाराकडे गेले आणि त्याच्या नाजूक काट्याच्या दोन पारड्यांत दोन ठेवायला लावल्या. काटा जागचा हलला नाही. सोनार म्हणाला, "राव, सारख्याच हायेत. पण मोडीत घालायच्या असतील तर दोन्ही बी परत न्या." मामा हरखून घरी आले. आल्या आल्या आत्याला म्हणाले, "ऐकलं का, शिकल्याचं वजन व्हत न्हाई." आत्या भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तुमच्याकडं बघून मला ते पहिल्यापास्नं ठावं व्हतं."

पुढे कॉम्प्युटर आला तो टोमॅटोच्या टेम्पोतून. पुण्याला माल उतरवून परत येणाऱ्या रिकाम्या क्रेटांत खाली-वर पेंढा घालून, कुठल्याशा कचेरीनं काढून टाकलेला तो जुना कॉम्प्युटर मामांनी बाळंतिणीसारखा जपून आणला. त्याच्या पडद्याला कितीतरी दिवस टोमॅटोचा वास येत होता. वीज गेल्यावर थोडा वेळ तग धरायला म्हणून एक यूपीएसही बरोबर आला होता, पण वीज त्याच्यात नेमकी कुठं बसते हे पाहायला मामांनी तो पहिल्याच आठवड्यात उघडला. वीज दिसली नाही आणि यूपीएस पुन्हा मिटलाही नाही. पुढचं सगळं रामायण त्या उघड्या डब्यामुळं झालं. सन दोन हजार लागताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी आवई उठली, तेव्हा मामांनी आजूबाजूच्या मळ्यांना हौद, पिंपं, हंडे, कळशा सगळं भरून ठेवायला लावलं, आणि एक जानेवारीला सकाळी वही घेऊन दारोदार फिरले. "काय काय बंद पडलं?" खालच्या मळ्यातला त्यांचा चुलतभाऊ दाजीबा म्हणाला, "आमचं घड्याळ बंद हाय." मामांनी डोळे मोठे करून पेन्सिल काढली. "कवापास्नं?"

"गेल्या पोळ्यापास्नं."

मामांनी तेही लिहून घेतलं.

प्रोग्रॅम म्हणजे काय हे मला त्यांनी शिकवलं ते कॉम्प्युटरपुढे नव्हे, कांद्याच्या वाफ्यात. आमच्याकडे दारं धरतात, म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यात सोडायचं, तो भरला की मातीनं त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं. मामा पोटरीभर चिखलात उभे राहून सांगत, "वाफा भरला का? भरला असंल तर दार लाव, फुडलं उघड. न्हाई भरला तर हुबी ऱ्हा. शेवटचा वाफा झाला का? न्हाई झाला तर परत पहिल्यापास्नं इचार. झाला प्रोग्रॅम." मी विचारलं, "आणि शेवटचा वाफा आलाच नाही तर?" मामा म्हणाले, "मंग त्याला म्हनायचं हँग झाला. मानूस बांधावर झोपलं की असंच व्हतं." शाळेत इतकी वर्षं बसून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या चिखलातून पायांवाटे वर चढलं.

मामांचा स्वतःचा मोठा प्रोग्रॅम एकच, सामायिक विहिरीच्या पाळ्यांचा. विहीर एक, भाऊबंद चार, आणि कुणी कुठल्या दिवशी पाणी उपसायचं यावरून बारमाही कुरबूर. मामांनी महिनाभर खपून प्रोग्रॅम लिहिला, पाळ्यांचा कागद छापून आणला आणि विहिरीच्या खोलीच्या दारावर डकवला. छापलेलं आहे म्हणून सगळ्यांनी मानलं. दहा दिवसांनी दाजीबाच्या ध्यानात आलं की आपला मंगळवार गायब आहे. मशीन शून्यापासून मोजतं आणि मामा एकापासून. त्या दोघांच्या मधल्या फटीत दाजीबाचा मंगळवार घसरून मामांच्या नावावर पडला होता. दाजीबा कागद घेऊन दारात उभा राहिला.

"तुझ्या मशिनला जेवायला कोन घालतं रं?"

"ते जेवत न्हाई. लाईटीवर चालतं."

"लाईट कुनाच्या घरची?"

"आमच्या."

"मंग बराबर हाय."

मामांनी त्याला शून्याची हकिगत समजावून सांगितली. शून्य, एक, दोन, असं मोजतात म्हणाले. दाजीबानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे माझ्या गोठ्यात येकच म्हस हाय ती तुझ्या हिशेबानं शून्यावी. मंग रोज धार कुनाची काढतो मी?" प्रश्न मामांना फार आवडला होता, पण तसं म्हणायची ती वेळ नव्हती. मंगळवार परत दिला, कागद फाडला, तरी दाजीबानं आमच्या घराशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

आता विजेचं सांगते. मळ्यांना दिवसातले मोजके तास वीज, आणि ती आली रे आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू. सगळा भार एकाच डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर. कुणाच्या स्टार्टरचा खट आवाज झाला की आमचा बल्ब लाल व्हायचा, कॉम्प्युटर डोळे मिटायचा आणि तोवर लिहिलेलं सगळं जायचं. म्हणून मामा बांधावर उभे राहून, दोन्ही हात तोंडाशी नेऊन शिवारभर ऐकू जाईल असं ओरडत, "मोटारी बंद ठेवा रं, सेव्ह चाललंय."

"किती येळ?"

"येकच ओळ ऱ्हायलीय."

"माझी बी येकच सरी ऱ्हायलीय."

आणि खट. बंद कुणीच ठेवत नसे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर पाण्याचे पंप बनवणाऱ्या दक्षिणेकडच्या एका कंपनीनं आळेफाट्याला गोदाम उघडलं आणि कॉम्प्युटरवर बसायला माणूस पाहिजे अशी पाटी लावली. मामा आत जाऊन सगळं विचारून आले. दाखला लागत नाही. पंधरा दिवसांनी सोमवारी यायचं, गिऱ्हाइकांच्या तक्रारींच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरात भरून दाखवायच्या, जमलं तर नोकरी. घरी येऊन म्हणाले, "पोरी, तू बसायचं." तिकडे घरी वडील स्थळं पाहत होते, आणि नववी नापास मुलीला यायची तशीच ती येत होती. नोकरी लागली तर थांबू, असं वडील कबूल झाले होते. मला ती नोकरी इतकी हवी होती की तसं तोंडानं म्हणायलाही भीती वाटायची. हाताशी पंधरा दिवस आणि एक कॉम्प्युटर, आणि त्याच्याभोवती अठरा मोटारी.

दुसऱ्या दिवशी मामा धुतलेली टोपी घालून मळ्यामळ्यांतून निघाले. दुपारी एक ते दोन मोटारी बंद ठेवा, एवढंच मागणं. पण उन्हाळ्यात मोजक्या विजेतला एक तास म्हणजे किती वाफे, हे आमच्याकडे कुणालाही तोंडपाठ असतं. कुणी हसून हो म्हणालं, कुणी कुरकुरत. राहिला दाजीबा, आणि त्याची मोटार सगळ्यांत मोठी. मीही मागोमाग गेले होते.

"तुमच्या खेळापायी माझा कांदा करपवू का?" दाजीबा म्हणाला.

"खेळ न्हाई. पोरीच्या नोकरीचं हाय."

"नववी नापासाला कोन देतंय नोकरी?"

मामा म्हणाले, "शून्यापास्नं मोजलं तर ती आठवीच नापास हाय. तरी बी देतील."

दाजीबाला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. मग मला घरी जायला सांगून दोघं बांधावर बसले. थोड्या वेळानं मामा आले आणि एवढंच म्हणाले, "मिटलं."

त्यानंतर रोज एक वाजता शिवार गप्प व्हायला लागलं. एकेक मोटार थांबत जायची, सगळ्यांत शेवटी दाजीबाची, आणि मग पाखरांचा आवाज यायचा. मामा माझ्या मागे उभे राहून बियाण्यांच्या पिशव्या, औषधांच्या बाटल्या, जुन्या लग्नपत्रिका, जे हाताला लागेल ते वाचत आणि मी भरत जाई. दोन वाजायच्या आधीच कुणीतरी अधीर होऊन स्टार्टर दाबायचं, म्हणून ओळ झाली की सेव्ह करायची मला खोडच जडली. त्याच दिवसांत मामांच्या टोमॅटोची पानं माना टाकायला लागली. मी विचारलं तर म्हणाले, "प्रयोग चाललाय. पानी कमी दिल्यावर गोडी वाढती का बघतोय." सोनाराच्या काट्यावर फ्लॉपी ठेवणारा माणूस; मी विश्वास ठेवला.

सोमवारी गोदामात दोन कॉम्प्युटर मांडले होते. माझ्या शेजारी क्लास केलेला, फाइलभर प्रमाणपत्रं घेऊन आलेला एक जण. परीक्षा घेणारे साहेब हिंदीत बोलणारे. माझ्या पंधरा चिठ्ठ्या होईतो शेजाऱ्याच्या तीस झाल्या होत्या, आणि मी मनातल्या मनात वडिलांना काय सांगायचं ते जुळवत होते. तेवढ्यात मागच्या खोलीत कुणीतरी गिऱ्हाइकाला नवी मोटार चालवून दाखवायला घेतली. स्टार्टरची खट ऐकू आली, बल्ब लाल झाला आणि दोन्ही कॉम्प्युटर मिटले. पुन्हा चालू झाले तेव्हा माझ्या पंधराच्या पंधरा चिठ्ठ्या जागेवर होत्या आणि शेजाऱ्याची पाटी कोरी. साहेबांनी विचारलं, "हर लाइन पे सेव्ह क्यों किया?" मी कसंबसं म्हणाले, "साब, हमारे इधर कोई भी कभी भी मोटर चालू करता है." साहेब हसले. शेजाऱ्याला त्यांनी पुन्हा बसवलं, पण नोकरी मला दिली. बाहेर लिंबाखाली मामा ताटकळत होते. मी रडत रडत सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "त्यांची डीपी कुठं हाय?"

पाच-सहा वर्षांनी कंपनीनं मला कोइंबतूरच्या मोठ्या कचेरीत बोलावलं. तोवर माझं लग्न झालं होतं; नवरा आता कंपनीच्याच कारखान्यात मशिनवर असतो. निघायच्या दिवशी माझी पिशवी भरता भरता आत्या बोलून गेली. त्या उन्हाळ्यातल्या विहिरीच्या आपल्या सगळ्या पाळ्या मामांनी दाजीबाला देऊन टाकल्या होत्या. बांधावर मिटलं ते असं मिटलं होतं. "टोमॅटो निम्मा सुद्धा आला न्हाई त्या साली," आत्या म्हणाली, "पर ह्यांना इचारशील तर प्रयोगच सांगत्याल." मी विचारलं नाही. फक्त कोनाड्यातली त्यांची वही उघडून पाहिली. त्या उन्हाळ्याच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'पाणी बंद. गोडी थोडी वाढली.'

आता मामांना कमी ऐकू येतं. फोनवर ते विचारतात, "तिकडं पाऊस पडला की इंटरनेट भिजतं का गं?" मी उत्तर देते, ते त्यांना ऐकू जात नाही, आणि त्यावाचून त्यांचं पूर्वीही कधी अडलं नव्हतं. आत्या सांगते की गावात नवी डीपी बसलीय, आता कितीही मोटारी चालू झाल्या तरी बल्ब लाल होत नाही. दाजीबा मात्र अजून एक वाजता आपली मोटार तासभर थांबवतो. विचारलं तर म्हणतो, मोटार तापते.

माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे कारखान्याची खोली आहे, तिथं नव्या मोटारी दिवसभर चालवून पाहतात. त्या घरघरीची इथं कुणाला जाणीवही नसते. दुपारी एक वाजता जेवणाची घंटा होते आणि त्या सगळ्या एकेक करत थांबतात. आजूबाजूच्या बाया डबे उघडतात, तमिळमध्ये गप्पा सुरू होतात, मला अजून त्यातलं निम्मंच कळतं. मी शेवटची मोटार थांबेपर्यंत थांबते, एकदा सेव्ह करते, आणि मगच डबा उघडते.